वाचकांचे प्रश्न : माझदाची पुढच्या चाकांवर चालणारी रोटरी कूपे

गेल्या अंकात जुन्या जपानी गाड्यांच्या पानावर माझदा लूचे रोटरी कूपे, म्हणजेच आर१३०, या पिस्टनऐवजी फिरत्या रोटरच्या इंजिनावर चालणाऱ्या दोन दारांच्या गाडीचा फोटो छापला होता. खाली माहिती जेमतेम दोन ओळींची होती. त्यावर धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : केळी भरायला आमच्याकडे स्वराज माझदा यायची. ही गाडी त्याच कंपनीची का? कधी निघाली, किती निघाल्या, ताकद किती?
— एक केळी उत्पादक, चोपडा

उत्तर : कंपनी तीच, हिरोशिमाची. तेव्हा तिचे नाव तोयो कोग्यो होते आणि माझदा हा तिचा मार्का. कंपनीनेच माझदा हे नाव घेतले ते १९८४ मध्ये. पंजाब ट्रॅक्टर्सबरोबर स्वराज माझदा उभी राहिली ती त्याच सुमारास, त्यामुळे आपल्या भागाला माझदा ठाऊक झाली ती मालवाहू गाडी म्हणूनच. रोटरी इंजिनाची गाडी या कंपनीने भारतात विकायला आणलीच नाही.

आर१३० ऑक्टोबर १९६९ मध्ये बाजारात आली आणि १९७२ पर्यंत बनत राहिली. एकूण गाड्या ९७६. माझदाची पहिली रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट (मे १९६७) दुर्मीळ म्हणून मिरवते, पण तीसुद्धा ११७६ बनली होती. म्हणजे आर१३० कॉस्मोहूनही कमी आहेत आणि तरी तिची चर्चा कॉस्मोच्या दहावा हिस्साही होत नाही. हा अन्याय आहे असे आमचे मत.

आकडे असे : दोन रोटरचे १३ए इंजिन, १३१० सीसी. ६००० आरपीएमला १२६ पीएस (अश्वशक्ती), ३५०० आरपीएमला १७.५ किलोग्रॅम-मीटर टॉर्क. चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, कंपनीने सांगितलेला कमाल वेग ताशी १९० किमी. लांबी ४५८५ मिमी, रुंदी १६३५ मिमी, दोन आसांतील अंतर २५८० मिमी. किंमत डिलक्सची साडेचौदा लाख येन आणि सुपर डिलक्सची साडेसतरा लाख. दोन आसनांची कॉस्मो तेव्हा १४ लाख ८० हजारांना मिळत होती, त्यावरून सुपर डिलक्स कोणत्या गिऱ्हाइकासाठी होती ते कळते. एसी, पॉवर स्टिअरिंग आणि विनाइल मढवलेले छप्पर तिच्यात होते.

रूप इटालियन वाटते, कारण घराणे इटालियन आहे. १९६६ ची चार दारांची लूचे सेडान इटलीच्या बर्टोने कंपनीत डिझायनर जुजारो यांच्या हातून आकाराला आली आणि कूपेच्या रेषा तिथूनच आल्या. मात्र त्या सेडानमध्ये साधे पिस्टन इंजिन होते आणि ती मागच्या चाकांवर चालायची. नाव एक असले तरी खाली गाडी वेगळीच होती.

प्रश्न : रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. यावरून गॅरेजवर वाद झाला. आमचे एक मिस्त्री म्हणाले, "आते सांगा, हाई इंजिन शे का घाणा?"
— वाचक, पारोळा

उत्तर : मिस्त्रींना आमचा नमस्कार सांगा. घाण्याशी साम्य आहे ते एवढेच की आतला भाग मधोमध न फिरता कडेला घासत फिरतो.

फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर आणि भोवती कमरेत किंचित आवळलेले लंबगोल घर, ज्याला हौसिंग म्हणतात. रोटरच्या तीन बाजू आणि घर यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरताना प्रत्येक कप्पा लहान-मोठा होत जातो आणि ओढणे, दाबणे, पेटणे, बाहेर टाकणे ही चारही कामे एका फेऱ्यात उरकतो. रोटरचा एक फेरा होईतो शाफ्टचे तीन होतात. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक ठोका. दोन रोटर असले की फेऱ्याला दोन ठोके, चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनाइतके.

म्हणूनच १३१० सीसी हा आकडा फसवा आहे. शाफ्टच्या एका फेऱ्यात हे इंजिन जेवढी हवा ओढते, तेवढी ओढायला साध्या चार-स्ट्रोकला २६२० सीसी लागतील. जपानमध्ये वाहनकरासाठी रोटरीची क्षमता दीडपट धरतात, तो हिशेब १३१० आणि २६२० या दोन आकड्यांच्या मधला.

अडचणीची जागा म्हणजे रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, एपेक्स सील. पिस्टनच्या रिंगचे काम त्या करतात, पण घराच्या भिंतीशी त्यांचा कोन सतत बदलत असतो. माझदाने १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून परवाना घेतला तेव्हाच्या नमुन्यांत या पट्ट्या थरथरून भिंतीवर आडवे ओरखडे पाडत. हिरोशिमाचे लोक त्यांना सैतानाची नखे म्हणत. अभियंते केनिची यामामोतो यांच्या हाताखाली १९६३ मध्ये रोटरीसाठी वेगळा विभाग निघाला. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेल्या पट्ट्यांनी तो प्रश्न सुटला. माझदाने आणखी एक शहाणपण केले. हवा आत घेण्याचे भोक एनएसयूप्रमाणे घराच्या भिंतीत न ठेवता बाजूच्या प्लेटमध्ये ठेवले. त्यामुळे कमी आरपीएमलाही इंजिन गुळगुळीत चालले.

प्रश्न : परदेशातल्या एका विक्रेत्याकडे आर१३० आहे. इंजिन जाम आहे, पण "१३बी टाका, तेही १३०८ सीसीच" असे तो म्हणतो. १३ए आणि १३बी यांचे पार्ट एकमेकांना चालतात का?
— गॅरेजमालक, धुळे

उत्तर : नाही. सीसी जुळते, पण माप जुळत नाही. रोटरीचा हिशेब सोपा आहे. रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतची त्रिज्या, शाफ्टचे आडवलेपण म्हणजे एक्सेन्ट्रिसिटी आणि रोटरची जाडी हे तीन आकडे सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५.१९६ ने पुन्हा गुणा. एका कप्प्याचे सीसी मिळतात.

१०ए (कॉस्मो) : १०.५ × १.५ × ६ × ५.१९६ = ४९१ सीसी.
१३बी : १०.५ × १.५ × ८ × ५.१९६ = ६५५ सीसीच्या किंचित आत.
१३ए : १२ × १.७५ × ६ × ५.१९६ = तेवढेच.

१०ए, १२ए आणि १३बी ही एकाच घराण्याची इंजिने. त्रिज्या १०५ मिमी आणि आडवलेपण १५ मिमी कायम ठेवून फक्त जाडी ६०, ७०, ८० मिमी अशी वाढवत नेली. १३ए ने उलट केले. जाडी १०ए इतकीच ६० ठेवली आणि घेर वाढवला. कारण पुढच्या चाकांचा ड्राइव्ह. या गाडीत इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे उभे आहे. तिथे लांबीचा प्रत्येक मिलिमीटर नाकावर वजन वाढवतो. दोन रोटर २०-२० मिमीने जाड केले असते, तर इंजिन ४० मिमीने लांबले असते. म्हणून त्यांनी ते उंच-रुंद केले, लांब होऊ दिले नाही.

याची किंमत आज मालक मोजतो. हे इंजिन दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसले नाही. १९७२ ची नवी लूचे मागच्या चाकांवर गेली आणि १०५ मिमीच्या घराण्यात परतली. म्हणून १३ए चे रोटर, घर, बाजूच्या प्लेट, शाफ्ट, सगळेच फक्त त्या ९७६ गाड्यांपुरते. माझदाच्याच नंतरच्या रोटरी गाडीचे, आरएक्स-७ चे, सामान कुठेही मिळते, ते इथे निरुपयोगी.

१३बी बसवायचेच म्हटले तर ते लांबीला जास्त आहे. माउंटिंग, गिअरबॉक्सकडची बेल-हौसिंग, रेडिएटरची जागा, सगळे नव्याने करावे लागेल. त्यात कायद्याचा एक काटा आहे, तो पुढच्या एका उत्तरात येईल. जाम इंजिनाची गाडी घेताना विक्रेत्याला एकच विचारा : प्लग काढून एंडोस्कोप आत घालून घराच्या भिंतीचा व्हिडिओ देशील का? भिंतीवरचा क्रोमचा थर टोकाशी सुटलेला, पापुद्रा निघालेला दिसला तर सौदा सोडा. नुसता गंज आणि चिकटलेले सील असतील तर प्लगच्या भोकांतून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) समभाग घालून आठवडाभर मुरू द्या, मग पुढच्या पुलीच्या नटावर लांब पान्याने हळू मागेपुढे हलवा. धक्का मारून फिरवू नका, कार्बनची पट्टी तुटते आणि तुकडा भिंत खरवडतो.

प्रश्न : आयटीआयच्या प्रदर्शनासाठी लाकूड आणि ॲक्रिलिकमध्ये हाताने फिरणारे रोटरी मॉडेल करायचे आहे. खऱ्या मापाचे हवे. घराचा आकार कसा काढायचा?
— मोटार मेकॅनिकचा विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : १३ए चीच मापे घ्या, आकडे सोयीचे आहेत. त्रिज्या आर = १२० मिमी, आडवलेपण ई = १७.५ मिमी.

घर : ग्राफ पेपरवर किंवा संगणकावर कोन ० पासून ३६० अंशांपर्यंत ५-५ अंशांनी घ्या. प्रत्येक कोनाला आडवे माप = ई × कोज्या (तिप्पट कोन) + आर × कोज्या (कोन). उभे माप तसेच, पण कोज्या (कॉस) ऐवजी ज्या (साइन) वापरून. बिंदू जोडा. लांबी २७५ मिमी आणि कमरेत २०५ मिमी येईल. नाही आली तर तिप्पट कोन घ्यायचे राहिले आहे. हा आकार १२ मिमी एमडीएफमध्ये कापा, दोन थर चिकटवून २४ मिमी जाडी पुरे.

रोटर : १२० मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर १२० अंशांवर तीन बिंदू घ्या. दोन बिंदूंमधले सरळ अंतर सुमारे २०८ मिमी. बाजू फुगीर करायच्या आहेत. रोटरच्या मध्यापासून फुगवट्याचा माथा जास्तीत जास्त आर वजा दोन ई, म्हणजे ८५ मिमीवर चालतो. लाकूड फुगते, म्हणून ८३ वर ठेवा. त्यासाठी बाजूची कमान २४६ मिमी त्रिज्येची काढा. तिन्ही टोके १ मिमी घासून घ्या आणि त्यावर फेल्टची पट्टी लावा, तेच तुमचे एपेक्स सील.

गिअर : इथेच बहुतेक मॉडेले फसतात. रोटरमध्ये आतल्या दात्यांचा गिअर आणि बाजूच्या प्लेटला पक्का बसवलेला बाहेरच्या दात्यांचा गिअर, प्रमाण ३ ला २. पिच व्यास १०५ आणि ७० मिमी. २.५ मॉड्यूल घेतले तर दाते ४२ आणि २८. लेझर कटिंगवाल्याला ५ मिमी ॲक्रिलिकमध्ये कापायला सांगा आणि दात्यांत ०.२ मिमी मोकळीक मागा. स्थिर गिअर प्लेटला दोन स्क्रूंनी पक्का करा. तो फिरला की रोटरचे टोक भिंतीत रुतते आणि मुले म्हणतात आकार चुकला.

शाफ्ट : मधल्या दांड्यावर १७.५ मिमी बाजूला केंद्र असलेली गोल तबकडी. रोटर तिच्यावर मोकळा फिरला पाहिजे. तबकडी आणि गिअर वेगवेगळ्या पातळीवर ठेवा. दांडा स्थिर गिअरच्या भोकातून जातो, त्यामुळे २८ दात्यांच्या गिअरला मध्ये १५ ते २० मिमी भोक ठेवा.

एका कमरेशी घराच्या भिंतीत एकावर एक दोन प्लग दाखवा. समोरच्या कमरेशी एका अंगाला भिंतीतून धूर बाहेर जाण्याचे भोक आणि दुसऱ्या अंगाला बाजूच्या प्लेटमध्ये हवा आत येण्याचे. रोटरच्या एका बाजूला लाल रंग द्या. हँडल तीनदा फिरवल्यावर लाल बाजू जागेवर परत येते. परीक्षक विचारतील तो प्रश्न हाच असतो.

प्रश्न : जळगावचा मे महिना, पारा ४५ च्या वर. अशा हवेत पन्नास वर्षांपूर्वीची रोटरी टिकेल का? तेल पिते हेही ऐकले आहे.
— हौशी संग्राहक, जळगाव

उत्तर : टिकेल, पण तिला पाणी द्यायचे ते बोअरचे नको. तापीकाठच्या बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये क्षाराचा थर धरते. १३ए मध्ये ऑइल कूलर वेगळा पुढे टांगलेला नाही, तो इंजिनालाच जोडलेला आणि पाण्याने थंड होणारा आहे. रोटरची उष्णता तेल वाहून नेते आणि तेलाची उष्णता त्याच पाण्यात जाते. रेडिएटर अर्धा तुंबला की पाणी आणि तेल दोन्ही एकदम तापतात. डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे, दर दोन वर्षांनी बदली.

रोटरीला जास्त तापणे एकदाही माफ नसते. पेटणारी बाजू कायम एकच, त्यामुळे घराचे एक अंग गरम आणि दुसरे थंड. घरे ॲल्युमिनियमची, प्लेट बिडाच्या, सगळी थप्पी लांब बोल्टांनी आवळलेली. काटा लाल रेषेत गेला की ॲल्युमिनियम जास्त फुगते, घर आणि प्लेट यांच्यामधले पाण्याचे रबरी सील चेपते आणि थंड झाल्यावर ते परत उभारत नाही. खूण अशी : सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, एका रोटरचा प्लग ओला आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. मग पूर्ण थप्पी उघडणे आले. इलेक्ट्रिक पंखा जोडा आणि तेलाच्या तापमानाचा काटा बसवा.

तेल पिते हा दोष नाही, रचना आहे. एक छोटा पंप इंजिनातले तेल मोजून आत सोडतो, त्यावर सील घसरतात. दीड-दोन हजार किलोमीटरला लिटरभर जाणे ठीक. अजिबात जात नसेल तर मात्र काळजी करा, पंप बंद असेल. मिनरल २०डब्ल्यू-५० वापरा. जुन्या पंपावर विश्वास नसेल तर पेट्रोलमध्येही टू-टी तेल मिसळा, लिटरला ४ ते ८ मिली. यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलची सवय असलेले हात लिटरला २० मिली ओततात. तेवढे नको, प्लग काळे होतात.

आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुने रबरी होस आणि कार्ब्युरेटरचे डायफ्राम टिकत नाहीत. गाडी आल्याआल्या सगळे बदला. मिश्रण पातळ होते, तेव्हा प्लग पांढरट दिसू लागले तर मेन जेट एक माप वाढवा. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि उष्णतेचे वर सांगितलेच आहे.

आणखी एक. गाडी सुरू करून दहा फूट सरकवून लगेच बंद करू नका. थंड रोटरी अशी बंद केली की पेट्रोल साचते आणि पुन्हा पेटत नाही. तसे झालेच तर चारही प्लग काढा, पेट्रोलचा पुरवठा बंद करून १० सेकंद क्रँक करा, प्रत्येक रोटरच्या भोकात १० मिली इंजिन ऑइल सोडा, कोरडे प्लग लावा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्ट करा. मिनिटभर निळा धूर होईल, घाबरू नका.

प्रश्न : रोटरीचे कॉम्प्रेशन साध्या गेजने तपासता येते का?
— मेकॅनिक, अमळनेर

उत्तर : येते, पण गेजमधला हवा परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह काढून. तो ठेवला तर तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्याचाच आकडा दिसतो आणि मेलेला कप्पा लपतो. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, कॉइलची जोडणी सोडलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा. दोन्ही रोटरचा खालचा एकेक प्लग काढा, वरचे राहू द्या. एका भोकात गेज लावून पाच-सहा सेकंद क्रँक करा आणि मोबाइलवर काट्याचा व्हिडिओ घ्या. काटा तीन-तीनच्या गटात उडतो. उड्या सारख्या आणि सहा किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास किंवा वर असतील तर इंजिन जिवंत आहे. तिन्हींत दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. लागोपाठ दोन उड्या खाली आणि एक ठीक असेल तर दोन कप्प्यांच्या मधली एपेक्स पट्टी गेली. तिन्ही सारख्याच कमी असतील तर बाजूचे सील चिकटलेले असू शकतात, ते कधीकधी चालवून मोकळे होतात.

प्रश्न : गाडी आणलीच तर नंबर मिळेल का?
— तेच संग्राहक, जळगाव

उत्तर : आयातीचा परवाना आणि कस्टम हा एक भाग, आरटीओ हा दुसरा. पैसे पाठवण्याआधी डीजीएफटीचे (परदेश व्यापार महासंचालनालयाचे) त्या दिवशीचे धोरण कस्टम एजंटकडून लेखी घ्या. नोंदणीसाठी २०२१ पासून विंटेज वाहनांचे वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी त्यात बसते, म्हणजे आर१३० वयाने पात्र आहे. फॉर्म २० सोबत विमा आणि आयातीचे बिल ऑफ एंट्री लागते. शुल्क २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षांची, पुढच्या नोंदणीला ५ हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येते. रोज ऑफिसला नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. स्टिअरिंग उजवीकडे आहे, ती अडचण नाही.

आणि तो काटा : गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. १३बी टाकलेली आर१३० इथे अडकू शकते. धुळ्याच्या गॅरेजमालकांनी हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

थोडक्यात :

शिरपूरच्या वाचकांनी पाठवलेला फोटो आर१३० चा नाही, इसुझू ११७ कूपेचा आहे. गफलत होण्यासारखीच आहे, कारण तीही जुजारो यांचीच, १९६८ ची, फक्त ती रेखाटताना ते घिया कंपनीत होते. तिच्यात पिस्टन इंजिन आहे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. गंमत म्हणजे खान्देशात इसुझू हे नावही मालवाहू गाडीवरच वाचलेले.

नंदुरबार : पुढच्या चाकांना थेट रोटरीने ओढणारी माझदाची दुसरी गाडी नाही. २०२३ च्या एमएक्स-३० आर-ईव्हीमध्ये रोटरी आहे, पण ती फक्त वीज तयार करते आणि चाके मोटर फिरवते. मात्र तिच्या एक-रोटर ८सी इंजिनाची त्रिज्या १२० मिमी आणि जाडी ७६ मिमी आहे. वरच्या सूत्रात आडवलेपण १७.५ घालून पाहा, ८३० सीसी येतात.

चाळीसगाव : वळताना पुढून टक-टक आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाकडचा वळणारा सांधा). आपल्या उन्हात त्याचे रबरी आवरण, म्हणजे बूट, चिरतो, ग्रीस उडते, धूळ आत जाते. जॉइंट तयार मिळणार नाही. चिरलेला बूट दिसताच बदला, बूट मापावरून दुसऱ्या गाडीचा बसवता येतो.